माल येऊन नाही राहिला

2004 सालची दिवाळी तोंडावर आली होती. नागपूरच्या मेडिकल चौकातून आत वळणाऱ्या एका रस्त्यावर माझं औषधांचं दुकान. एम्प्रेस मिलमध्ये सारी हयात उभ्यानं काम केलेले एक काकाजी दर महिन्याच्या सुरुवातीला यायचे. त्यांचे गुडघे पार गेले होते. गोळीचं नाव ते कधी घेत नसत. शर्टाच्या खिशातून रिकामी पट्टी काढून काउंटरवर ठेवायची, मी तशीच भरलेली पट्टी द्यायची, असा आमचा व्यवहार. त्या पट्टीत रोफेकॉक्सिब नावाचं दुखण्यावरचं औषध असायचं.

त्या दिवशी मी म्हणालो, ''काकाजी, हा माल येऊन नाही राहिला.''

''मंग कवा येईन?''

''काही सांगता येत नाही. ही घेऊन पाहा, हिच्यासारखीच आहे.''

मला खरं कारण माहीत होतं. 30 सप्टेंबरला मर्क या अमेरिकी कंपनीनं आपलं रोफेकॉक्सिब जगभरातून परत बोलावलं होतं. ते दीर्घकाळ घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका वाढतो, हे त्यांच्याच चाचणीत दिसलं होतं. बातमी मी वाचली होती. स्टॉकिस्टकडून, म्हणजे आम्हाला माल पुरवणाऱ्या ठोक विक्रेत्याकडून, निरोप आला होता की आहे तो माल काढून टाका, पुढचा मिळेल असं वाटत नाही. मी तो विकून टाकला. ऑक्टोबरात काकाजींना दिलेली पट्टी त्यातलीच होती. आणि दिवाळीच्या तोंडावर 'हिच्यासारखीच' म्हणून दिलेली गोळी होती व्हॅल्डेकॉक्सिब, त्याच कुळातली. 25 जुलै 2005 ला भारत सरकारनं तिच्यावरही बंदी घातली. त्यानंतर काकाजी आले तेव्हा मी पुन्हा तेच वाक्य म्हणालो.

हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. औषध बंद होतं तेव्हा आपल्याकडे ते कारखान्यासाठी, ठोक विक्रेत्यासाठी आणि दुकानदारासाठी बंद होतं. ज्यानं ते दोन वर्षं रोज पाण्याबरोबर गिळलं, त्याच्या वाट्याला 'माल येत नाही' एवढंच येतं. बंदीची खबर कारणासकट, त्याच्या भाषेत, त्याच्यापर्यंत पोहोचवणं हा बंदीचाच भाग आहे असं मी मानतो, आणि कायद्यानंही ते मानावं असं माझं म्हणणं आहे. तेवढं राहून गेलं तर बंदी अर्धी राहते. त्या अर्धवटपणानं माणसाला कधीकधी जास्तच इजा होते. हे मी काउंटरमागे उभा राहून पाहिलं आहे.

रोफेकॉक्सिबची गोष्ट आधी नीट सांगतो. शरीरात सूज, ठणका आणि ताप यांच्यामागे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं असतात. ती तयार करणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, कॉक्स म्हणतात आणि त्याचे दोन प्रकार औषधांच्या दृष्टीनं महत्त्वाचे. कॉक्स-1 रोजच्या कामाचं, पोटाच्या अस्तराची राखण करणारं. कॉक्स-2 मुख्यतः दुखापत झाली, सूज आली की वाढणारं. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखी जुनी औषधं दोघांनाही कमीजास्त दाबतात, म्हणून दुखणं थांबतं पण पोटात जळजळ होते, व्रण होतो, कधी रक्तस्राव होतो. 1990 च्या दशकात संशोधकांना वाटलं की फक्त कॉक्स-2 दाबणारं औषध मिळालं तर दुखणंही जाईल आणि पोटही वाचेल. विचार चांगला होता. मे 1999 मध्ये अमेरिकेत रोफेकॉक्सिबला मान्यता मिळाली आणि पोट जुन्या गोळ्यांपेक्षा खरंच वाचत होतं.

हिशेब चुकला तो रक्तवाहिन्यांत. वाहिनीच्या आतल्या अस्तरात प्रोस्टासायक्लिन तयार होतं, ते रक्ताची गुठळी होऊ देत नाही, आणि त्याला कॉक्स-2 लागतं. रक्तातल्या प्लेटलेटमध्ये थ्रॉम्बॉक्सेन तयार होतं, ते गुठळी धरायला मदत करतं, आणि त्याला कॉक्स-1 लागतं. निरोगी माणसात ही दोन पारडी बरोबरीत असतात. फक्त कॉक्स-2 दाबलं की एक पारडं वर जातं, दुसरं तसंच जड राहतं. साठीच्या पुढचा माणूस, आधीच अरुंद झालेल्या वाहिन्या, त्यात रोज ही गोळी. मग काय होणार ते सांगायला नको.

याची चाहूल 2004 च्या कितीतरी आधी लागली होती. 2000 साली 8,076 संधिवाताच्या रुग्णांवरची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. रोफेकॉक्सिब घेणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण 0.4 टक्के होतं, नॅप्रोक्सेन ही दुखण्यावरची जुनी गोळी घेणाऱ्यांत 0.1 टक्के. कंपनीनं अर्थ लावला की नॅप्रोक्सेनच हृदयाला वाचवतं, म्हणून फरक दिसतो. पुढे 2005 मध्ये, ज्या नियतकालिकात ती चाचणी छापली होती त्यानंच तीन झटक्यांची नोंद लेखात आली नव्हती याबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली. दरम्यान 2002 मध्ये अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकात इशारा घातला गेला, पण विक्री चालूच राहिली. शेवटी आतड्यातल्या गाठी परत होऊ नयेत म्हणून केलेल्या वेगळ्याच चाचणीत, 2,586 रुग्णांमध्ये, औषध नसलेल्या खोट्या गोळीशी तुलना झाली आणि झटका व पक्षाघात यांचा धोका जवळजवळ दुप्पट दिसला. आता नॅप्रोक्सेनची सबब उरली नव्हती. तोवर जगात 8 कोटींहून अधिक लोकांनी ते औषध घेतलं होतं. अमेरिकेच्याच औषध नियंत्रण संस्थेतले डेव्हिड ग्रॅहॅम यांनी नोव्हेंबर 2004 मध्ये तिथल्या सिनेटपुढे अंदाज मांडला की एकट्या अमेरिकेत 88,000 ते 1,39,000 लोकांना या औषधामुळे हृदयाचा गंभीर आजार झाला असावा. 2007 मध्ये कंपनीनं दावे मिटवण्यासाठी 4.85 अब्ज डॉलर देण्याचं मान्य केलं.

तिथला रुग्ण दावा लावू शकला, कारण आपण काय घेतलं हे त्याला माहीत होतं. औषध एकाच नावानं विकलं जात होतं, व्हायॉक्स, आणि ते नाव बातमीत होतं. आपल्याकडे 2005 पर्यंत औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नव्हतं. त्यामुळे रोफेकॉक्सिब इथे अनेक कंपन्या आपापल्या नावांनी विकत होत्या. औषधं स्वस्त राहिली हा त्या कायद्याचा मोठा उपकार, तो मी विसरणार नाही. पण त्याची दुसरी बाजू अशी की वर्तमानपत्रात 'व्हायॉक्स परत बोलावलं' हे वाचूनही काकाजींच्या मुलाला आपल्या वडिलांच्या खिशातली पट्टी तीच आहे हे कळायला मार्ग नव्हता. भारत सरकारची बंदी आली 13 डिसेंबर 2004 ला. म्हणजे मर्कनं औषध मागे घेतल्यावर 74 दिवसांनी. ते 74 दिवस देशभरातल्या काउंटरवर काय चाललं असेल, ते मी माझ्या काउंटरवरून सांगितलं.

कुणी म्हणेल, वीस वर्षांपूर्वीची गोष्ट, आता दिवस बदलले. मग निमेसुलाइडचं पाहू.

निमेसुलाइड हे दुखण्यावरचं आणि तापावरचं औषध 1985 मध्ये इटलीत बाजारात आलं. अमेरिकेत ते कधीच विकायला आलं नाही. यकृताला, म्हणजे लिव्हरला, गंभीर इजा होते अशा नोंदी आल्यावर फिनलंड आणि स्पेननं 2002 मध्ये ते थांबवलं, आयर्लंडनं 2007 मध्ये. आपल्याकडे मात्र ते घराघरात शिरलं, आणि मोठ्यांपेक्षाही लहान मुलांच्या तापासाठी शिरलं. पातळ औषध, थेंब, गोड चव. पोराला ताप चढला की अर्ध्या तासात उतरतो, असा त्याचा लौकिक. 10 फेब्रुवारी 2011 ला सरकारनं 12 वर्षांखालच्या मुलांसाठी ते बंद केलं.

त्यानंतरचे दिवस मला चांगले आठवतात. आया रिकामी बाटली घेऊन यायच्या. ''भाऊ, हेच द्या, यानंच उतरते त्याचा ताप.'' आणि आम्ही सगळे, मी, माझ्या शेजारचा दुकानदार, पलीकडचा, एकच उत्तर द्यायचो. माल येऊन नाही राहिला. एकदा पाऊस सुरू झाल्यावर, तापाच्या दिवसांत, एक बाई बाळाला कडेवर घेऊन आली आणि मोठ्यांची निमेसुलाइडची गोळी मागू लागली. कुणाला हवी म्हणून विचारलं, तर म्हणाली, ''पोरालेच. ते पातळ औषध भेटत नाही ना आता, मंग अर्धी गोयी कुटून देतो मी. माही जाऊबी तसंच करते.''

ती आई हलगर्जी नव्हती. बाळ तापलं तेव्हा हाताशी जे होतं त्यात तिनं हुशारीनं वाट काढली होती. औषध मिळत नाही एवढंच तिला कळलं होतं. औषधच मुलाला चालत नाही, हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. तसं सांगितलं असतं, तर तिनं ती गोळी आपल्या बाळाजवळ आणली नसती. आधी मोजलेलं, थेंबाथेंबाचं औषध होतं, त्या जागी आता खलबत्त्यात कुटलेली अर्धी गोळी आली. अर्धवट बंदीनं जास्त इजा होते म्हटलं ते यासाठी.

आता त्याच औषधाचा पुढचा अध्याय ताजा आहे. 29 डिसेंबर 2025 ला केंद्र सरकारनं औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम 26अ खाली, 100 मिलिग्रॅमहून जास्त निमेसुलाइड असलेल्या, पोटात लगेच विरघळणाऱ्या तोंडी औषधांवर बंदी घातली. कारण तेच: या मात्रेत माणसाला धोका आहे आणि सुरक्षित पर्याय उपलब्ध आहेत. निर्णय योग्य आहे, मी त्याचं स्वागत करतो. पण 100 ची गोळी चालूच आहे. एकीनं थांबलं नाही तर माणूस दोन घेतो. दाढ दुखणारा माणूस रात्री दोन वाजता राजपत्र वाचत नाही. या बंदीनं फक्त कारखान्याला सांगितलं आहे की एका गोळीत 100 च्या वर घालू नको. त्या माणसाला दोन गोळ्या एकदम घेऊ नको, हे सांगणं बाकीच आहे. आणि ते सांगितलं नाही तर या बंदीतून हाती काय आलं?

बंदी कशी गळते याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा माणसांत सापडला नाही, गिधाडांत सापडला. 1990 च्या दशकात भारतातली गिधाडं भराभर नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या 99 टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांना दुखण्यावर दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जातं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी करतं, हे 2004 मध्ये सिद्ध झालं. 2006 मध्ये जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक थांबवण्याचा आदेश निघाला, राजपत्रातली बंदी 2008 मध्ये आली. तरी ते गोठ्यात पोहोचतच राहिलं, कारण माणसांसाठीच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या मिळत होत्या आणि त्या गाईबैलांना टोचल्या जात होत्या. शेवटी 2015 मध्ये माणसांच्या बाटलीवरही 3 मिलिलिटरचं बंधन आलं. त्या काळात सावनेर, पारशिवनीकडचे शेतकरी माझ्या दुकानातून अशा बाटल्या नेत. बैल लंगडत होता आणि औषध स्वस्त होतं. गिधाडांचं कुणी त्यांना बोललं नव्हतं, मीही नाही. जानेवारी 2024 मध्ये हरियाणातल्या पिंजोरहून आणलेली गिधाडं आमच्याच पेंचच्या जंगलात आणली गेली. पेंचच्या आसपासच्या गावांतल्या गोठ्यांत आज कोणती बाटली आहे, यावर त्यांचं जगणं अवलंबून आहे. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना न मारणारा पर्याय आहे, हे त्या शेतकऱ्याला गुरांच्या डॉक्टरांइतकंच औषध दुकानदारानंही सांगायला हवं.

बंदी नसलेल्या औषधांचंही हेच आहे, आणि इथे नागपूरचं ऊन येतं. मेच्या शेवटी नवतपा लागतो, पारा 45 च्या पुढे जातो. कळमन्याच्या बाजारात पोती उचलणारा हमाल दिवसभर घाम गाळतो, पाणी कमी पितो, आणि संध्याकाळी कंबर दुखते म्हणून गोळी घेतो. शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडाकडे रक्त वाहतं ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिनंच करतात. गोळीनं ती दाबली की मूत्रपिंडाचा आधार जातो. त्यात रक्तदाबाची विशिष्ट गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी आधीच चालू असेल तर तिन्ही मिळून मूत्रपिंड बंद पाडू शकतात. हे डॉक्टरांना माहीत असतं. गोळी मात्र बहुतेक वेळा डॉक्टरांकडून येतच नाही, ती माझ्यासारख्याकडून येते. डायक्लोफेनॅक आणि निमेसुलाइड दोन्ही शेड्यूल एच मध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. पट्टीवर तसं बारीक अक्षरात, इंग्रजीत, छापलेलं असतं. चाळीस वर्षांत ते वाचून दाखवा असं मला कुणीही म्हटलं नाही.

माझ्या या मांडणीला दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्ही मी गंभीरपणे घेतो.

पहिला दुखण्याचा. चिठ्ठीचा आग्रह धरला तर हमालाची एक दिवसाची मजुरी डॉक्टरकडच्या रांगेत जाते. आमच्या विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येनं आहेत. त्यांच्या हाडांत दुखण्याची लाट येते तेव्हा ती सहन करायला सांगणं म्हणजे क्रूरपणा. त्यांना औषध मिळालंच पाहिजे, तेही लवकर. मी गोळ्या कपाटात कुलूप लावून ठेवा म्हणत नाही. उलट सिकलसेलच्या रुग्णाचीच मूत्रपिंडं आजारानं आधी थकलेली असतात, म्हणून कोणती गोळी, किती, सोबत किती पाणी, हे त्यालाच सगळ्यात जास्त कळलं पाहिजे. ज्याला औषध रोज लागतं, माहितीचा पहिला हक्क त्याचा.

दुसरा आक्षेप घबराटीचा. लोकांना सांगितलं तर ते घाबरतील, चांगली औषधंही सोडतील. नोव्हेंबर 2023 च्या अखेरीस भारतीय औषधकोश आयोगानं मेफेनॅमिक ॲसिडबद्दल सावधगिरीचा इशारा दिला. मासिक पाळीच्या दुखण्यासाठी घराघरात असलेली ही गोळी. क्वचित तिच्यामुळे अंगभर पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांना सूज अशी गंभीर प्रतिक्रिया होऊ शकते, त्यावर लक्ष ठेवा, एवढंच त्यात होतं. काही दिवसांत मोबाइलवर 'बंदी, बंदी' असं फिरू लागलं आणि मुली दुकानात येऊन विचारू लागल्या, ''काका, ती बंद झाली ना?'' तेव्हा घबराट झाली, हे खरं. पण ती कशामुळे झाली? इशारा बाहेर आला आणि त्याचा सोपा मराठी अर्थ सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून रिकाम्या जागेत अफवा शिरली. दुकानात आलेल्या मुलींना मी दोन मिनिटं देऊन समजावलं की गोळी घेतल्यावर पुरळ किंवा ताप आला तर लगेच थांबव आणि डॉक्टरकडे जा, एरवी घाबरायचं कारण नाही. कुणीही घाबरून गेली नाही. एकीनं तर वहीत लिहून घेतलं.

कायदा आणि यंत्रणा आहेत, त्यांचं शेवटचं पाऊल पडत नाही. देशात 2010 पासून औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, त्याचं केंद्र गाझियाबादला आहे. 1800-180-3024 हा त्याचा निःशुल्क क्रमांक. रुग्ण स्वतः तिथे कळवू शकतो, त्यासाठी डॉक्टर लागत नाही. 2025 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी हा क्रमांक आणि त्याचा क्यूआर कोड सगळ्या औषध दुकानांत लावायला सांगितलं. लावलाही जातो, बहुतेक वेळा परवान्याच्या चौकटीशेजारी, जिथे गिऱ्हाइकाची नजर जात नाही. तुमच्या दुकानात तो कुठे आहे, पुढच्या वेळी विचारा.

मला हवं ते असं. प्रत्येक बंदीबरोबर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं मराठीत एक पान काढावं: औषधाचं नाव, बाजारात ते ज्या ज्या नावांनी विकलं गेलं ती सगळी नावं, बंद का झालं, घरात असेल तर काय करायचं, आणि त्याऐवजी काय घ्यायचं ते कुणाला विचारायचं. नावांची यादी सगळ्यात महत्त्वाची. काकाजींना रोफेकॉक्सिब माहीत नव्हतं, पट्टीचा रंग माहीत होता, म्हणून जमलं तर पट्टीचं चित्रही. ते पान सहा महिने दुकानाच्या दर्शनी भागात लागावं, आशाताईंच्या हाती जावं, मेडिकल आणि मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात लागावं, जिथे छिंदवाडा, बालाघाट, गोंदियापासून माणसं येऊन तासन्‌तास रांगेत बसतात. त्यांच्यासाठी हिंदीतही. बिल करताना आम्ही सगळेच गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर घेतो; गेल्या सहा महिन्यांत ते औषध ज्यांनी नेलं त्यांना एक संदेश पाठवणं संगणकाला अवघड नाही. सिलिंडर सुटल्याचा संदेश येतो, वीजबिलाचा येतो.

आणि दुकानदाराची बाजूही मांडतो. बंदी आली की पूर्ण पट्ट्या कंपनीकडे परत जातात. कापलेली पट्टी स्टॉकिस्ट घेत नाही. छोट्या दुकानात निम्मा माल कापलेलाच असतो, कारण आमचं गिऱ्हाईक दोन-दोन, चार-चार गोळ्या नेतं. तो तोटा दुकानदाराच्या अंगावर पडतो, म्हणून 'काढून टाका' हा निरोप ऐकायला सोपा जातो. कापलेल्या पट्ट्या आणि गिऱ्हाइकानं घरून आणून दिलेल्या गोळ्या परत घेऊन त्यांचे पैसे देण्याची सक्ती कंपनीवर व्हावी. 2004 मध्ये तशी सोय असती तर काकाजींची ऑक्टोबरची पट्टी मी विकली नसती, असं मला मनापासून वाटतं. पण तशी सोय नव्हती म्हणून माझी जबाबदारी कमी होत नाही. मी फार्मसी शिकलेला माणूस होतो आणि मला कारण माहीत होतं.

आता काउंटरवर माझी मुलगी उभी राहते. या जानेवारीत तिनं एका पुठ्ठ्यावर निमेसुलाइडबद्दल मराठीत लिहून बाहेर लावलं. पहिल्या मसुद्यात 'यकृतास अपाय' असं होतं. रोज सकाळी कामाला जाताना थांबणाऱ्या एका मावशींना तिनं ते वाचायला लावलं. मावशी म्हणाल्या, ''बाई, यकृत म्हंजे काय वं?'' तिनं खोडून लिव्हर केलं. 'मात्रा' खोडून 'एका वेळी एकच गोळी' केलं. 'बारा वर्षांखालील बालकांस निषिद्ध' खोडून 'लहान पोरांना अर्धीसुद्धा देऊ नका' असं लिहिलं. मग मावशींनी पदराच्या गाठीतून चार गोळ्यांचा कापलेला तुकडा काढला आणि विचारलं, ''हे तेच हाय का?''

ते तेच होतं. मुलीनं स्टूल पुढे केलं, त्यांना बसवलं आणि ही गोळी त्या कशासाठी, किती दिवसांपासून आणि आणखी कोणत्या गोळ्यांबरोबर घेतात, ते विचारायला लागली.